साकवाचं टेंडर

लोणंद, ४ मार्च

साक्षी,

नळाला पाणी आलं होतं आणि मी मागच्या दारी सेंट्रिंगच्या प्लेटा घासत होते. वाळलेलं काँक्रीट पत्र्याला धरून बसलं की किती खरवडावं लागतं, ते तुला माहीत आहे. प्लेटा घासून उन्हाला उभ्या केल्या, जळकं तेल लावलं. हात राखेनं धुतले, तरी वास गेला नाही. शेजारी विजयमालाबाईंना विरजण हवं होतं, ते देऊन आले. दोन भाकरी थापल्या. एक खाल्ली, एक दुपारला फडक्यात बांधून ठेवली. रोजची सकाळ होती, त्यात वेगळं काही नव्हतं. टेंडर त्याच दिवशी उघडणार होतं, पण धाकधूक नव्हती. दर भरताना इतका विचार केला होता की आता मन मोकळं झालं होतं.

मग लॅपटॉप उघडला, डिजिटल सहीचा डोंगल लावला. निकाल आला होता. मी तो सवयीनं मोठ्यानं वाचला. तुझ्या बाबांना इंग्रजी कागदांचा कंटाळा, म्हणून टेंडरची पानं मी वाचून दाखवायची आणि त्यांनी माना डोलवायच्या. सातवीपर्यंत शिकलेली मी त्यातूनच हा धंदा शिकले. ते जाऊन पाच वर्षं झाली, तरी वाचते मोठ्यानंच. घरात ऐकायला कुणी नसलं तरी.

पहिलं नाव सांगलीच्या आप्पासोंचं. सरकारी अंदाजाच्या तेवीस टक्के खाली. दुसरं नाव माझं, अंदाजाच्या थोडं वर.

मी ते पान बंद केलं आणि पुन्हा उघडलं. वाटलं, आकडा भरताना त्यांच्या माणसाचं बोट चुकलं असेल. तेवीस टक्के खाली जाऊन त्या ओढ्यावर साकव कसा उभा राहतो, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. विजयमालाबाई विरजणाची वाटी परत द्यायला आल्या आणि म्हणाल्या, "तोंड का असं झालंय? कुणाचं काही बरंवाईट?" मी म्हटलं, "नाही, साकव गेला." त्यांना वाटलं, पूल कोसळला.

टेंडर गेलं की तुझे बाबा दुसऱ्या दिवशी कचेरीत जायचे. भांडायला नाही. कुठं कमी पडलो एवढं विचारायचे, साहेबांचा चहा प्यायचे आणि परत यायचे. मीही तशीच गेले. साहेब चांगले बोलले.

"वहिनी, कागद तुमचे एकदम बरोबर. दरात गेलं."

"साहेब, एवढ्यात होईल का काम?"

"ते म्हणतात होतं. सगळ्यात खालच्या दराला नाही म्हणायची सोय नाही आम्हाला." मग ते हसले. "आणि तुम्ही कशाला वाईट वाटून घेताय? घरातच आलंय की काम! साइट तुमची साक्षीच बघणार आहे. मागच्या आठवड्यात आप्पासोंबरोबर येऊन गेली. तुम्हाला भेटली नाही?"

मी म्हटलं, "हो, भेटली की." असं का म्हटलं, ते मला ठाऊक नाही. बाहेर आले आणि दाराशी चप्पल शोधायला लागले. शिपाई म्हणाला, "बाई, पायातच आहे."

मला वाटत होतं, तू सांगलीत बसून लोकांच्या घरांचे नकाशे काढतेस. तू इथवर आलीस, लोणंदवरूनच गेली असशील, आणि मला कळलंसुद्धा नाही. वाचनालयातून आणलेलं पुस्तक तेव्हापासून एकाच पानावर उघडं आहे.

एकच विचारते. मीही हे टेंडर भरतेय, हे तुला माहीत होतं का? फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. हो किंवा नाही, एवढंच कळव.

आई


लोणंद, १२ मार्च

साक्षी,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं असणार. पत्ता तुझ्या ऑफिसचा घातला होता आणि आप्पासोंचं ऑफिस सांगलीत कुणालाही सापडतं.

इकडे घरी येणारे वाढलेत. कुणी गेल्यावर भेटायला येतात, तसं टेंडर गेल्यावरही येतात. खंडाळ्याचा वीरधवल आला होता. त्याचा तिसरा नंबर.

"वहिनी, गप बसायचं न्हाई," तो म्हणाला. "त्यांच्या मशीनच्या कागदात खोट काढू. तक्रार टाका. काम थांबलं की फेरनिविदा. खर्च माझा."

"खोट आहे का खरंच?"

"आवं, काढली की निघती."

"मग तूच टाक की तक्रार."

"मला फुडं त्यांच्यासंगं कामं करायची हायत!"

मला हसू आलं. टेंडर गेल्यापासून पहिल्यांदा. तोही हसला, दोन कप चहा प्यायला आणि गेला.

दगडाबाईचं येणं मात्र हसण्यासारखं नव्हतं. मजूर बायांची टोळी अजून तीच सांभाळते. तुला कडेवर घेऊन विटांच्या गाडीशी उभी राहायची, ती आता गुडघ्यानं लंगडते, पण आवाज तसाच आहे. उंबऱ्यावर बसून म्हणाली, "ताई, टेंडर गेलं तर गेलं. मेलं का कुनी? पर पोरी इचारत्यात, आता जायाचं कुटं? कराडकडं रस्त्याचं काम हाय म्हनं. जाऊ का?"

"थांब जरा."

"थांबते. पर पोट न्हाई थांबत."

ती गेल्यावर मी हा कागद घेतला. मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची टाळली होती. तुझ्यावर राग होता, म्हणून. ती आता लिहिते.

साकवाचा लोणंदकडच्या काठाचा पाया जिथं येतो, तिथं विहीर आहे. बुजवलेली. वरून काही दिसत नाही, सपाट रान आहे, मागच्या हंगामात तिथं कांदा होता. कचेरीच्या नकाशात त्या जागी पाच फुटांवर मुरूम दाखवला आहे. मी जागा बघायला गेले, तेव्हा वस्तीवरच्या लीलाबाईंनी पाणी दिलं आणि सहज बोलता बोलता म्हणाल्या, "हितं आमची हीर हुती. वड्याला पूर आला, काठ खचला, मग माती न् राडारोडा टाकून बुजवली." मी त्यांच्याकडची पहार घेऊन बघितलं. माझ्यासारखीनं दाबली तरी ती आत जात राहिली.

टेंडरच्या आधी कचेरीत ठेकेदारांची बैठक झाली. साहेबांनी विचारलं, "नकाशाबद्दल कुणाला काही शंका?" त्या बैठकीत खरा प्रश्न कुणी विचारत नाही, हे तुला मी काय सांगायचं. एकानं विचारला की उत्तर सगळ्यांना मिळतं. मग सगळे बिस्किटं खातात, छताकडे बघतात आणि उठतात. मीही उठले. बोलले असते तर नकाशा नव्यानं झाला असता, टेंडर पावसाळ्याच्या पलीकडे गेलं असतं आणि तोवर दगडाबाईची टोळी पांगली असती. म्हणून मी विहीर माझ्या दरात धरली. खोल पाया, कडेला फळ्यांचा आधार, पाण्याचा उपसा, सगळं. मी धरून चालले की जो तो जागेवर जाईल, लीलाबाईंशी बोलेल आणि माझ्याइतकाच दर लावेल. इथंच मी चुकले. कुणी जागेवर गेलेलं दिसत नाही.

आप्पासोंना हे माहीत नसणार, नाहीतर तेवीस टक्के खाली कोण जाईल? आणि तुलाही माहीत नसणार. पोकलेन लावली की वरची दोन हात माती नीट निघेल. खालचा राडारोडा ओढ्याचं पाणी धरून बसलेला आहे. ती कड उभी राहणार नाही. तिथं कुणाला उतरू देऊ नकोस. तू तर मुळीच उतरू नकोस.

पाणी योजनेच्या चरात बाबा उतरले, तेव्हाही कड कोरडी आणि घट्ट दिसत होती. मी वर उभी होते. त्यांनी माझ्याकडे टेपचं टोक दिलं आणि म्हणाले, "धर, आलोच." टेप माझ्या हातात राहिली.

त्यांचं तेरावं झालं आणि मी त्याच चरात पुन्हा माणसं उतरवली, दोन्ही बाजूंना फळ्या मारून. तू म्हणालीस, "आई, तुला काही वाटतं का?" आणि बॅग भरलीस. वाटत होतं. पण चर शाळेच्या वाटेवर उघडा पडला होता आणि पाऊस तोंडावर होता. तो बुजवणं भाग होतं. आजही मी तेच करीन. तू त्यावर रागावलीस, तो राग राहू दे. पण विहिरीचं मनावर घे.

आई


लोणंद, २१ मार्च

साक्षी,

काल फोनवर तू जे बोललीस, ते मी इथं लिहून काढते आहे. मला ते अजून खरं वाटत नाही. वाचून बघ, आणि माझ्या ऐकण्यात काही चुकलं असेल तर सांग.

त्याआधी आप्पासो येऊन गेले, तेही सांगते. फोन येण्याच्या आधी, दुपारी. दारात मोठी गाडी उभी राहिली. बेदाण्याचा पुडा पुढे केला, बाबांच्या फोटोला हात जोडले, बसले. दगडाबाई कराडच्या कामाचं विचारायला आली होती, ती भिंतीला टेकून बसली.

"वहिनी, जयराजराव गेले तेव्हा मी यायला हवं होतं. राहून गेलं. आता मन मोकळं करतो. पायाचं काम तुम्हीच घ्या. माणसं तुमची, मशीन आमचं. तुमच्याएवढं पायातलं या भागात कुणाला कळत नाही."

दगडाबाईचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू. "घ्या की ताई! काम चालत दारात आलंय."

मी म्हटलं, "आप्पासो, काठाच्या पायाखाली विहीर आहे. साक्षीला कळवलंय मी."

ते चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट मोडून कपात पडलं, ते त्यांनी चमच्यानं काढलं आणि मग हसत म्हणाले, "वहिनी, विहीर आहे म्हणून तर हे काम आहे!"

मला वाटलं, थट्टा करतात. ते गेल्यावर दगडाबाईला विचारलं, "काय म्हणाले गं ते?" तीही म्हणाली, "मोठ्या लोकांचं हसनं कवा कळलंय आपल्याला?"

संध्याकाळी तुझा फोन आला. नाव दिसलं आणि माझ्या हातातलं सूप खाली पडलं. पाच वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि तू पहिलं वाक्य हे बोललीस:

"आई, विहीर मला माहीत आहे."

"माझं पत्र पोचलं म्हणजे."

"पत्राच्या आधीपासून. टेंडर भरायच्या आधीपासून. लीलाबाईंकडे मीही गेले होते. त्या म्हणाल्या, तुमच्या आधी लोणंदच्या एक बाई येऊन पहार मारून गेल्या."

"मग मी भरणार, हे तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तेवीस टक्के कुणी काढले?"

"मी. नकाशात विहीर नाही, मग दरात कशी धरायची? खोदल्यावर निघाली की जादा काम म्हणून मंजूर होते. त्याचा दर वेगळा लागतो. खाली जाऊन काम घ्यायचं आणि तिथं भरून काढायचं. सगळे असंच करतात, आई."

"आपण नव्हतो करत."

"बैठकीत तू बोललीस का?"

मग मी दुसरंच विचारलं. "जादा काम मंजूर करून घ्यायचं तर विहीर उघडून दाखवायला लागेल."

"लागेल."

"तळापर्यंत."

"तळापर्यंत. फोटो, माप, सगळं."

"खाली उतरून माप कोण घेणार?"

फोनमध्ये मागं कुणीतरी हसत होतं, गाण्याचा आवाज होता. तू म्हणालीस, "साइट माझी आहे."

"साक्षी, एका अंगाला ओढा आहे, एका अंगाला रस्ता. कडेला उतार काढायला जागाच नाही. फळ्या धरल्यात का?"

"तेवीस टक्क्यांत फळ्या बसत नाहीत. एका दिवसाचं तर काम आहे. पटकन उतरायचं, माप घ्यायचं, वर यायचं. सोमवारी पोकलेन येतेय, बुधवारी साहेब बघायला येतील. मी बघते ना."

"साहेबांना आधीच सांग. नकाशा बदलून घ्या."

"मग आमचं टेंडरच राहत नाही."

"न राहू दे."

तेव्हा तू म्हणालीस, "आई, तू हरलीस म्हणून बोलतेयस." आणि फोन ठेवलास.

मी सुपातले सांडलेले तांदूळ गोळा करत बसले. तू म्हणालीस ते खरं आहे का, हे मी स्वतःला विचारलं. हरल्याचं लागलं आहे, ते नाकारत नाही. तुझ्या हातून हरले, तेही लागलं. दर इतका बारीक कातरून काढलेला बघितला, तेव्हा हे कुणाचं डोकं असेल असं मनात आलं होतं आणि जरा कौतुकही वाटलं होतं. ते तुझं निघालं. पण विहीर ठाऊक असूनही तू "फळ्या बसत नाहीत" असं म्हणालीस, जसं बाजारात कुणी म्हणावं की पिशवीत भोपळा बसत नाही. माझ्या कानात तेवढंच राहिलं आहे. बाकी सगळं मी माफ केलं असतं.

बाबांबरोबर चरात बसून तू लहानपणी भातुकली खेळायचीस. मातीची भीती तुला कधी वाटली नाही. त्यांनाही वाटली नाही.

आई


लोणंद, २३ मार्च

साक्षी,

काम थांबवल्याचा निरोप तुमच्या ऑफिसात पोचला असेल. कुणी कळवलं, असं आप्पासो विचारतील. मी कळवलं. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लगेच लिहिते आहे.

मागचं पत्र पेटीत टाकून आले आणि मग समजलं की ते तुला बुधवारनंतर मिळणार. पोकलेन सोमवारी येणार होती. तुला फोन लावला, उचलला नाहीस. पुन्हा लावला, बंद लागला. मग मी दगडाबाईला बोलावलं आणि सगळं सांगितलं. विहीर, जादा काम, तू, फळ्या. तिनं ऐकून घेतलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"म्हंजे पायाचं काम गेलं."

"गेलं."

"आन् तुमी तवाच बोलला न्हाई, म्हून तुमालाबी धरतील."

"धरतील. काळ्या यादीत घालतील कदाचित. मग मलाही काम नाही, तुम्हालाही माझ्याकडून नाही. तू पोरींना घेऊन कराडला जा."

"आन् साक्षी? ती तुमच्याशी परत बोलनार न्हाई."

"पाच वर्षांत एकदा बोलली, त्यातही भांडली."

दगडाबाई हसली नाही. उठून गुडघा चोळत दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "मला खाली उतरवलं आसतं त्यांनी. माप धराया. म्हातारी हाय, हलकी हाय म्हून. तुमास्नी म्हाईत न्हाई, दुसऱ्यांच्या कामावर मला लय येळा उतरवलंय तसं." मग विचारलं, "एसटी कितीची हाय? सुट्टं घ्या."

आज सकाळी कचेरीत साहेब माझ्यावर फार चिडले. साहजिक आहे. "बैठकीत तोंड शिवलं होतं का तुमचं?" असं सगळ्या ऑफिससमोर म्हणाले. मी म्हटलं, हो. त्यांनी आप्पासोंना फोन लावला, तोही माझ्यासमोरच. पलीकडून ते काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण साहेब ऐकत ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, नकाशा नव्यानं होईल, टेंडर पावसाळ्यानंतर, आणि माझ्या नावाचं काय करायचं ते वरून ठरेल. नोकरीवरून तुला काढलं तर घरी ये असं मी म्हणणार नाही. तुला यायचं नसेल तर वाईट दिसेल. पण मागच्या दाराला कडी नसते, ते तुला माहीत आहे.

कुणी विचारलं की तुझ्या आईनं नेमकं काय केलं, तर तुला सांगता यावं म्हणून लिहिते. तुझा फोन आला शुक्रवारी. शनिवारी तुला पत्र टाकलं, दगडाबाईशी बोलले. रविवारी कचेरी बंद, म्हणून साहेबांच्या घरी फोन केला आणि सकाळी लवकर या म्हणून विनवलं. आज पहिल्या एसटीनं आम्ही दोघी कचेरीत गेलो. विहीर कुठं आहे, आणि बैठकीच्या दिवशी ती मला माहीत होती, हे मी साहेबांसमोर लिहून सही केली. मग वस्तीवर गेलो. पोकलेन येऊन उभी होती. चालकाला थांबायला सांगितलं, ओढ्यातल्या वेड्या बाभळीच्या फांद्या तोडून ओढत आणल्या आणि लीलाबाईंनी पायानं रेघ मारून दाखवलं, तिथं विहिरीभोवती कुंपण घातलं.

आई